धार आमच्या घरची

२०१९ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. आळंद तालुक्यातल्या आमच्या गावात, पंचायतीम्होरं, माझ्या सुनेला उन्हात उभी केली होती. डोक्यावर तिचंच फोडलेलं मडकं. आतला सडका गूळ तोंडावरून गळ्यात उतरायलेला. भट्टी फोडून माल जप्त केलेले पोलीस बाजूला. पाटलाचा पोरगा मोबाईल धरून.

"शेवंते, हास की जरा. पेपरात येणार हायस."

माणसं हसली. तिच्याकडंच पिणारी.

मी मडकं उतरवायला हात घातला.

"म्हाताऱ्या," पाटलाचा पोरगा म्हणाला, "सुनेच्या दारूवर जगायलास. तुला कशाची आलीय इज्जत?"

व्हय, जगायलो. माझा पोरगा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. तवापासून शेवंता वढ्यात भट्टी लावते, विकते. त्यावर चूल पेटते. त्यावर नात कलबुर्गीत नर्सिंग शिकायली.

घरी आलो. बसवत न्हवतं. अंगणातनं दारात, दारातनं अंगणात.

दुसऱ्या दिवशी जत्रा. आमच्याकडं रीत हाय. देवीची पालखी आमच्या बोळाशी थांबते. आमच्या घरच्या दारूची धार पुजारी देवीम्होरं सोडतो, मगच पालखी फुडं. माझ्या आज्यापासून. धार आमची. देवळाची पायरी मात्र आमची न्हाई.

त्याच सांजंला पुजारी आला. बोळाच्या तोंडाशीच थांबला. आत कधी येत न्हाई.

"अप्पा, एखादी बाटली वाचलीच असंल. ठेवा बाजूला. देवीची हाय, तिला दारू म्हनू नये."

वाचली होती एक, चुलीमागं. तो गेल्यावर शेवंतानं ती काढली.

"देऊन टाकू मामा. पालखी अडली तर गाव आपल्याला वाळीत टाकंल. राहायचं हितंच हाय."

"हितंच राहायचं हाय. म्हनून द्यायची न्हाई."

"पोलीस परत आणतील."

"आणू दे. आज तुला एकटीला उभी केली. उद्या मीबी हाय."

तिनं बाटली चुलीमागं सारली.

सकाळी अंघोळ केली, पटका बांधला. हलग्या जवळ आल्या तशी खाट उचलून बोळाच्या तोंडाशी आडवी टाकली. पालखी थांबली.

"धार कुठाय?" पाटलाच्या पोरानं विचारलं.

"ठाण्यात जमा हाय. तिथनं आणा."

"देवीला उन्हात उभी करतूस, म्हाताऱ्या?"

"व्हय," म्हणालो, आणि खाटेवर मांडी घालून बसलो.