नटावरची लाल रेघ

माझ्या पत्नीच्या मूत्रपिंडात गाठ निघाली, त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं. वीस वर्षं दत्ताचं नाव घेतलं, एक गुरुवार चुकवला नाही, आणि वाट्याला हे? बिबवेवाडीतल्या आमच्या घरात दिवा तीच लावत राहिली. मी पाठ फिरवून चहा पीत बसे.

मी बोटींच्या कारखान्यात आहे. पुण्याला समुद्र कुठे, म्हणून लोक हसतात. पण पुरातून माणसं काढायच्या फायबरच्या बोटी आम्ही इथेच बनवतो. चालकासमोरचा कन्सोल, म्हणजे स्टिअरिंग, घड्याळं आणि त्यामागच्या वायरी-केबली बसवणं माझ्याकडे. नट पान्याने पुरता आवळला की त्यावर लाल रेघ ओढायची, ही आमची शिस्त. रेघ दिसली की तपासणारा पुढे सरकतो. पूर्वी प्रत्येक रेघेला मी मनात ‘दत्त’ म्हणत असे. तेही बंद झालं होतं.

त्या सकाळी घाईत मी उलटं केलं. आधी सगळ्या नटांवर रेघा ओढून घेतल्या, मग एकेक आवळायला घेतला. मध्येच हॉस्पिटलचा फोन आला: ऑपरेशन शुक्रवारी. बोलून परत आलो तर सगळीकडे लाल रेघा. काम झालंच आहे असं समजून मी झाकण लावलं.

दुपारी बोट चाचणीसाठी खडकवासल्याला नेली. साहेबांसकट चौघं बसणार होतो. काठावर एक म्हातारी शेळ्या चारत होती. जवळ येऊन म्हणाली, “नवी बोट हाय, फूल वाह्यलं का न्हाई?”

“आजी, तुमच्या देवाला आमच्यासाठी सवड नाही,” मी तुटकपणे म्हणालो.

तिने ऐकलंच नाही. कण्हेरीचं फूल तोडून स्टिअरिंगवर ठेवलं. ते घरंगळून कन्सोलच्या फटीत पडलं. “काढ की बाबा, देवाचं फूल हाय. आत कुजंल.” मी चरफडत झाकण उघडलं आणि हात घातला. फूल स्टिअरिंगच्या केबलीवर, नटाला टेकून पडलं होतं. नटावर लाल रेघ होती, आणि तो माझ्या नुसत्या बोटांनी फिरला.

भर वेगात तो निसटला असता, तर स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहिलं असतं आणि समोर दगडी काठ होता. मी साहेबांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, “रेघ आधी, काम नंतर? मग आपण सरकारी खात्यात का नाही गेलात?” आणि बाह्या सरसावून माझ्याबरोबर सगळे नट तपासायला बसले. आणखी दोन सैल निघाले. मी मान वर केली तेव्हा म्हातारी शेळ्या घेऊन निघून गेली होती. ती कोण होती, याचा कीस मी काढत नाही. शेळ्या राखणारीच असेल.

शुक्रवारी डॉक्टरांनी पत्नीच्या उजव्या कुशीवर पेनाने खूण केली. इथे तर खूणच आधी होती. पुढचं काम माझ्या हातचं नव्हतं, माझा पाना तिथे पोचणार नव्हता. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी ती म्हणाली, “अहो, सोडा आता हात. त्यांना दार लावायचंय.” मी सोडला. कित्येक महिन्यांनी तोंडून निघालं, “दत्ता, आता तूच बघ.”

ती घरी आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि रिपोर्ट येईपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवत नाही. पण दिवा आता मी लावतो. फूल वाहताना ती आजी आठवते. त्या दिवशी तिचे साधे आभार मानायचेही राहून गेले. ते मी रोज मानतो.