रामाकोन्याची मैत्रीण

घरचे सगळे वॉटरपार्कला गेले, म्हणून त्या रविवारी मी सौसरहून बस धरून एकटीच रामाकोन्याला उतरले. नुसती कन्हान नदी बघायला. काठावरच्या खडकावर माझ्याच वयाची एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती. चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या.

"कोणाकडे आल्या?" मी विचारलं.

"कोणाकडेच नाही. घरी सांगतो, मैत्रिणीकडे चालली. नदी पाहाले जाऊन राहिली म्हटलं, त कोण येऊ देईन?"

तिनं संत्रं सोलून अर्धं मला दिलं, सालं पिशवीत ठेवली. मग आम्ही दिवसभर फारसं बोललोच नाही. नावंसुद्धा विचारली नाहीत.

परतीची बस दिसली तेव्हा पदरानं पाय पुसत ती म्हणाली, "चला बाई. आज मैत्रिणीकडे गेली होती म्हटलं, त खोटं नाही होणार."