गेटपर्यंतचं घर

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकीवर, आणि झाला यंदाच्या होळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आळीतल्या नव्या काँक्रीट रस्त्याला नारळ फुटला तेव्हा. टाळ्या वाजवणाऱ्यांत तुमच्यापैकीही काही जण होते. म्हणून तुम्हालाच सांगते.

काकीला तुम्ही ओळखता. रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकून गुडघे झिजवलेली बाई. कुणाच्याही घरात शिरताना कमरेवर हात ठेवून, दोन्ही कोपरं बाहेर काढून दारातून जायची. कोपर चौकटीला लागलं की मोठ्यानं निकाल: "खुर्ची जानार न्हाय!" लग्नघरातसुद्धा. नवरीची आई ताट घेऊन उभी, आणि ही संडासाचं दार मापतेय.

खुर्ची म्हणजे चाकांची. तेव्हा तिला ती लागतही नव्हती. चांगली तुरुतुरु चालत होती, तेव्हाच तिनं घर उकललं. परसातलं न्हाणीघर आत घेतलं, कमोडशेजारी धरायला दांडा ठोकला, दारं रुंद केली. आमच्याकडे उधाणाचं पाणी आळीत शिरतं, म्हणून घरांची जोती उंच आणि पुढे पायऱ्या. तिनं पायऱ्या फोडायला लावल्या. गवंडी कळवळला, "काकी, पायऱ्यांनी घराला शोभा असते."

"होडी कधी पायऱ्या चढून वर आली हाय काय रं? उतार काढ!"

उतार निघाला, अंगणाला वळसा घालून थेट गेटपर्यंत. मग मासळीच्या पेटीत बर्फ भरून, पेटीला चाकं लावून तिनं ती एकटीनं वर ढकलून बघितली. धापा टाकत म्हणाली, लांबव अजून. गवंड्यानं कपाळावर हात मारला आणि उतार लांबवला.

बागेचंही तेच. घरावर झुकलेला माड पाडला, तेव्हा अख्खी आळी हळहळली. जुनी फायबरची होडी जांभ्याच्या दगडांवर चढवली, तिच्यात माती भरली, वाल आणि मिरच्या लावल्या. का, तर बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे. मी हसले. "काकी, आत्तापासून?"

"म्हातारपन काय पाव्हनं हाय, बाय? घरातलंच हाय ते. त्याला जागा नको करायला?"

मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जळफळाट. आमचं घर जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या भावानं बांधलंय: दुमजली, चकचकीत फरशी, स्टीलचे कठडे. आईची खोली वर, कारण वरून समुद्र दिसतो. आईला समुद्र नको होता. ती रोज संध्याकाळी कठडा धरून एकेक पायरी उतरायची आणि काकीच्या अंगणात जाऊन बसायची. तिथे ती खिदळायची. आमच्या घरात मी माझ्या आईला कधी खिदळताना ऐकलेलं नाही.

"तिकडे एवढं काय आहे गं?" मी एकदा विचारलंच.

"तिथे पडायची भीती नाही वाटत," आई म्हणाली आणि वालाच्या शेंगा सोलत राहिली.

हक्कांची पत्रकं वाटत मी तालुका पालथा घालते, आणि माझी आई निर्धास्त होते ती शेजारणीकडे! भिंतीपलीकडून दोघींचं हसू ऐकू आलं की मी खिडकी लावून घ्यायचे.

मग काकीचे गुडघे गेलेच. खुर्ची आली. आणि काही म्हणता काही अडलं नाही. दुपारी होड्या लागायच्या वेळी ती स्वतः चाकं फिरवत उतारावरून गेटबाहेर, बंदरावर. भाव करायला, भांडायला. "बाजूला व्हा रं, माझी गाडी आली!" चाकांच्या खुर्चीतल्या बाईचाही मला हेवाच वाटला.

त्यानंतर हा रस्ता. जुन्यावरच नवा थर, गेटपेक्षा वीतभर उंच, आणि मध्ये उघडं गटार. काकीचा उतार संपतो तो गटाराच्या तोंडाशी. ठेकेदार म्हणाला, फळी टाका. फळी पहिल्याच दिवशी सरकली आणि खुर्चीचं पुढचं चाक गटारात गेलं. काकीनं गेट धरलं म्हणून वाचली. पंचायतीत म्हणाले, पुढच्या टप्प्यात बघू.

मी तिच्यासमोर नुसती तडतडत होते. ती मात्र शांत. "गेटपर्यंत मी बघितलं, बाय. भायेरचं सगल्यांचं. म्हटलं, सगलं मिलून बघतील."

गेल्या महिन्यात लेक तिला पनवेलला घेऊन गेली. दोन भाच्यांनी खुर्चीसकट उचलून गटार ओलांडलं. "टोपली हाय काय मी?" असं ओरडली, आणि मग पदर तोंडावर ओढून घेतला. तिच्या मिरच्या लाल होऊन गळतायत. आई आता खाली उतरत नाही. हेवा करायला शेजारी कुणी उरलं नाही.

तेव्हा हळहळू नका. येत्या ग्रामसभेला या. गटारावर झाकण आणि प्रत्येक गेटला जुळणारा उतार, एवढाच ठराव आहे. मी मांडणार, तुम्ही हात वर करायचा. आणि येताना तुमच्या घरातलं म्हातारं माणूस सोबत आणा. आणता येत नसेल, तर का आणता येत नाही, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगा.