आषाढातली दिवाळी

ऐन नरकचतुर्दशीच्या सकाळी मी लोणावळ्याच्या आरोग्यभुवनात कंपौंडर म्हणून रुजू झालो. सणाच्या दिवशी कोण नोकरीवर जातं, म्हणून तळेगावहून निघताना आईने कुरकुर केली होती. तिथे पोहोचलो तर मागच्या दारी एक उंच, काटक गृहस्थ उभे. डोक्याला फेटा, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि पाय अनवाणी. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवत, तळहातावर सुगंधी तेल घालत आणि विचारत, "तुझी दिवाळी कधी?" कुणी म्हणे, "आवणीला, आबा." कुणी म्हणे, "माझी जत्रंला." मग त्यांनी माझ्याकडे वळून बाटली पुढे केली. "आन् तुमची?" मी आपला सरळ माणूस. म्हटलं, "आजच आहे की दिवाळी." सगळे खो खो हसले. "आज पाव्हण्यांची," ते म्हणाले. "मी तुमची इचारतोय." हा मनुष्य थोडा सरकलेला आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि तेल डोक्याला चोपडून आत गेलो.

हे आमचे व्यवस्थापक दौलतआबा. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. सरकलेले ते होतेच, पण तसे चार लोक सरकले असते तर नोकरी नावाची गोष्ट जरा सुसह्य झाली असती, असं आता वाटतं.

आरोग्यभुवन, म्हणजे आमच्या बोलण्यातला 'बंगला', मुंबईच्या एका शेठजींचं. हवापालटासाठी माणसं तिथे येऊन राहत. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळा या दिवसांत पाय ठेवायला जागा नसे. आषाढ-श्रावणात मात्र भिंतींना बुरशी आणि आम्हाला जांभया. स्वयंपाकघरातली, बागेतली, झाडलोटीची माणसं बहुतेक आसपासच्या मावळातल्या गावांतली. जगाचा सण आला की यांची कंबर मोडायची, आणि आषाढात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली की यांचे पाय गावाकडे ओढ घ्यायचे. आबांच्या आधी काय होई, तर मंडळी आवणीला न सांगता निघून जात. खाडा पडे, पगार कापला जाई, खाडे वाढले की नाव उडे. मग दिवाळीला नवी माणसं आणि फुटलेल्या बशा.

आबा स्वतः कामशेतच्या पुढच्या एका गावचे. घरची भाताची थोडी खाचरं. तळेगावला राहून जमेल तेवढं शिकले, बंगल्यावर कारकून म्हणून लागले आणि वर चढले. खाड्यांवरचा त्यांचा उपाय कुठल्या पुस्तकातला नव्हता, तो त्यांच्या गावच्या सावडीतला होता. सावड म्हणजे साधी गोष्ट. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं. दिवसाला दिवस. त्यात पैसा येत नाही आणि कुणी काही लिहून ठेवत नाही. आबांनी ठरवलं, की ज्याने बंगल्याला आपला सण दिला त्याला बंगल्याने एक दिवस परत द्यायचा, पगारासकट आणि तो सांगेल त्या वेळी.

शेठजींना हे पटेना. त्यांचं नि आबांचं ते बोलणं सदूमामा या कोकणातल्या आचाऱ्याने दाराआडून ऐकलं होतं आणि तो ते दोन्ही आवाज काढून सांगत असे.

"पण सणाच्या दिवसाचा पगार मी दिलाच आहे, आबा."

"कामाचा दिलात, शेट. सन कुटं दिला?"

"सण द्यायला मी कोण?"

"घेताना न्हाई इचारलंत."

शेवटी शेठजी म्हणाले, "बरं, एक वर्ष करून बघा." त्या वर्षी दिवाळीत एकही बशी फुटली नाही. व्यवस्था कायम झाली.

नेम मोजकेच होते. सणाच्या दिवशी कामावर यायचं ते मागच्या दाराने, चारचौघांत आबांना आपला दिवस सांगून. सगळ्यांच्या कानावर पडलं की झालं. आणि तो दिवस पुढच्या दिवाळीच्या आत घ्यायचाच. नाही घेतला तर बुडाला. "शिळा सन खायचा न्हाई, पोटाला बाधतो," आबा म्हणत. लोक सुट्ट्या साठवतात आणि साठवता साठवता मरून जातात, हे त्यांना मुळीच खपत नसे. मला शेत ना बैल, मी दिवस घेऊन काय करू, असं एकदा बोलून गेलो. आबा म्हणाले, "कंपौंडरसायेब, आई हाय ना तळेगावला? मंग त्येच तुमचं खाचर. जावा." आणि खरोखर मला गाडीत बसवून दिलं. आईने अवेळी करंज्या तळल्या. मुलगा नोकरीवरून काढला गेलाय की काय, ही शंका मात्र तिच्या मनातून दोन दिवस गेली नाही.

या व्यवस्थेत एकदा मोठा घोळ झाला. बागेतल्या गेनूला दिवाळीच्या पाडव्याला घरी राहायचं होतं. सावडीत आपल्याला जमलं नाही तर घरचा दुसरा माणूस पाठवतात, म्हणून त्याने आपला सुदुंबऱ्याचा मेहुणा पाठवून दिला. मेहुणा तालमीतला गडी. त्याने झाडांना पाणी घातलं, पाहुण्यांच्या ट्रंका वाहिल्या आणि संध्याकाळी निघून गेला. आषाढात गेनू आपला दिवस मागायला आला. आबा म्हणाले, "दिवस तुझा कसा? राबला कोन?"

"मेहुना, पर माझ्याच जागी."

"मंग दिवस मेहुन्याचा."

"आबा, त्याला हितं नोकरीच न्हाई. सुट्टी कशाची घ्येनार त्यो?"

"ते त्याला इचार."

मेहुण्याला निरोप गेला आणि तो पठ्ठ्या खरंच सुट्टी घ्यायला आला! धुवट धोतर नेसून सकाळीच हजर. दिवसभर मागच्या ओसरीवर बसला, दोनदा चहा प्याला, पोटभर जेवला, झोपला आणि उन्हं उतरल्यावर आबांना रामराम करून सुदुंबऱ्याला गेला. नसलेल्या नोकरीतली पगारी सुट्टी उपभोगलेला तेवढा एकच माणूस मी पाहिला. शेठजींना हे कळू नये म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो.

पण आबांची खरी परीक्षा हौसाच्या वेळी झाली. हौसा वरकामाची बाई, पवनेच्या बाजूची. तोंडाने फटकळ, कामाला वाघ. त्या वर्षी तिच्या नवऱ्याचा पाय बैलाने तुडवला होता आणि आवणीचा सगळा भार तिच्यावर आला. तिने दिवाळीचे आपले दिवस एकदम मागून घेतले. गावच्या सावडीत तिच्या खाचराची पाळी ठरली. ती पाळी हुकली की पुढच्याची लागते, रोपं जून होतात आणि वर्षाचं भात हातचं जातं. हौसा गेली. सदूमामाही त्याच सुमाराला कोकणात गेलेला. आणि दुसऱ्या दिवशी ध्यानीमनी नसताना, धो धो पावसात, शेठजी पत्नीला आणि होणाऱ्या व्याह्यांना घेऊन दारात उभे!

"हौसा कुठाय?" शेठजींनी पहिलं हेच विचारलं. आबांनी सांगितलं.

"माणूस पाठवा आणि बोलावून घ्या. माझ्या घरचं कार्य आहे."

"न्हाई बोलवता येत, शेट."

"मी सांगतोय, आबा."

"दिवस तिचा हाय. माझा असता तर दिला असता. दुसऱ्याचा दिवस मी कसा देऊ?"

मी शेजारीच उभा होतो. आता आबांची नोकरी गेली, आणि मागोमाग माझी, अशी माझी खात्री झाली. शेठजींचे कान लाल झाले, पण व्याह्यांसमोर आवाज चढवणं त्यांना जमेना. आबांनी कोट काढून खुंटीला टांगला आणि चुलीपुढे बसले. त्यांना पिठलं-भात सोडून काही येत नव्हतं, मला तर तेही येत नव्हतं. मी कांदे चिरले आणि रडलो. थोड्या वेळाने शेठजींच्या पत्नी आत डोकावल्या, आमचा अवतार बघून हसल्या आणि पदर खोचून शिऱ्याला लागल्या. व्याही पिठलं मागून मागून जेवले. लग्नही जमलं. तरी पुढे बरेच महिने शेठजी आबांशी कामापुरतंच बोलत. हौसा परत आली तेव्हा तिला कुणीतरी हे सगळं सांगितलं. तिने त्या संध्याकाळी आबांचं ताट स्वतः वाढून आणलं. एरवी चार शब्द सुनावल्याशिवाय ती कुणाला पाणीसुद्धा देत नसे.

दुसऱ्यांचे दिवस असे छातीचा कोट करून जपणाऱ्या या माणसाने स्वतःचा दिवस कधी घेतला नाही. "घेईन की, पळून जातोय व्हय?" म्हणायचे आणि दर दिवाळीला त्यांचे दिवस बुडायचे. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई एकदा बंगल्यावर आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, "साऱ्या मावळाला सन वाटत्यात. आमच्या दारात मातूर कदी येत न्हाई." आबा शेजारीच होते. ऐकू न आल्यासारखं करून त्यांनी एका कुंडीची जागा बदलली.

मग एका उन्हाळ्यात छातीच्या दुखण्याने आबांनी अंथरूण धरलं आणि ते गावी गेले. आषाढ लागला तेव्हा मी औषध घेऊन त्यांच्याकडे गेलो. शेठजींनी माझ्याबरोबर निरोप दिला होता, की आबांनी इतक्या दिवाळ्या बंगल्याला दिल्या, त्यांचे सगळे दिवस धरून पगार घरपोच करू. आता शेठजींचा राग निवळला होता. आबा खाटेवरून म्हणाले, "ते दिवस शिळे झालं. नेम माझाच हाय, मीच मोडू?" मी खूप समजावलं. त्यांनी कूस बदलली.

बाहेर पार्वतीबाईंनी मला रोपं दाखवली. पिवळी पडायला लागली होती. लावायला माणूस नव्हतं. मुली सासरी. दर वर्षी मजुरीने लावून घेत, यंदा पैसा औषधाला गेला. आणि गावच्या सावडीत आबांची पाळीच नव्हती, कारण वर्षानुवर्षं बंगल्यावर राहिल्यामुळे गावात त्यांनी कुणाच्या खाचरात दिवस दिलाच नव्हता. बंगल्यावर सगळ्यांची सावड सांभाळता सांभाळता त्यांची घरची सावड तुटली होती. मला तिथे उभं राहवेना.

परत आल्यावर मी स्वयंपाकघरात हे सांगितलं. हौसा भांडी घासत होती. ती म्हणाली, "शिळा सन म्हनं! त्यो नेम बंगल्याचा. सावड कदी शिळी व्हत न्हाई." तिने हात धुतले आणि आबांच्या जागी काम बघणाऱ्या मला सांगून टाकलं, की तिचे राहिलेले दिवस तिला उद्यापासून हवेत. गेनूनेही तेच सांगितलं. सदूमामा, ज्याने जन्मात मावळातला चिखल तुडवला नव्हता, तोही निघाला. बंगल्यावर उरलो मी आणि बुरशी. वाटेत त्यांना सुदुंबऱ्याचा मेहुणाही येऊन मिळाला. आपण एक दिवस बसून खाल्लेला आहे, हे तो विसरला नव्हता.

त्यांना डोक्यावर पावसाची इरली घेऊन खाचरात उतरताना पाहून आबा खाटेवरून ओरडले म्हणे, "बंगल्यावर कोन हाय?" हौसा खालूनच ओरडली, "कंपौंडरसायेब हायेत, तुमी झोपा!" आबा झोपले नाहीत. खाट दारात ओढून घेतली आणि शेवटची रोपं लागेपर्यंत बघत बसले. पार्वतीबाई मला नंतर म्हणाल्या, की त्या दिवशी त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

त्या दिवाळीला आबा आले. कोट अंगावर लोंबत होता, पण तेलाची बाटली त्यांनी दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. हौसापाशी आल्यावर विचारलं, "तुझी दिवाळी कधी?"

"आवनीलाच. पर ह्या बारीला माझ्या खाचरात तुमी यायचं. माझा एक दिवस हाय तुमच्याकडं."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग हसले. "यीन."

"या. शिळा करू नगा," हौसा म्हणाली आणि तोंड फिरवून भराभर आत गेली.

माघात आबा गेले. मी खांदा दिला. आभाळ निरभ्र होतं आणि त्यांची खाचरं मळणी होऊन कोरडी पडली होती.

आषाढ आला आणि हौसा आवणीला गेली. ती परतली तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं, लागलं का सगळं भात. तिने मान हलवली आणि ओसरीवर मटकन खाली बसली. मग सांगितलं. सावडीच्या दिवशी झुंजुमुंजू झालं नाही तोच खाचराच्या बांधावर पार्वतीबाई उभ्या. एवढ्या लांबून, पावसातून, डोक्यावर इरलं आणि लुगडं खोचलेलं.

"मी म्हनलं, मावशे, आगं तुजं वय काय, घरी जा. म्या दिवस सोडला. तर आयकंना. चिखलात उतरली, माझ्या हातातली रोपं घेतली आन् म्हनली, दिवस ह्यांचा हाय, हौसा. माझा असता तर ऱ्हायला असता."