काळेसाहेबांचा सरासरी ट्रायपॉड

काही घरांत रिकामे डबे साठतात, काही घरांत रद्दी. आमच्या फोटो क्लबात भांडणं साठली. फोटो म्हणाल तर एका पाकिटात मावतील, पण एकेका फोटोमागं जे रामायण झालं, ते सांगायला बसले तर चहाचं आधण दोनदा ठेवावं लागेल. बसा तर!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. चिंचवडच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. माझी उंची विचारू नका. बसमधल्या वरच्या दांडीला माझा हात आजतागायत पोचलेला नाही. माझी मैत्रीण कुसुम कंपनीची टेलिफोन ऑपरेटर, ती मात्र ताडमाड! आम्ही दोघी कॅन्टीनकडे निघालो की मशीन शॉपमधली पोरं ओरडायची, "मोठा काटा-छोटा काटा निघाले रे, जेवायची सुट्टी झाली!"

मेल्यांना हसायला काय जातंय? कुसुमचं लग्न जमत नव्हतं, ते केवळ उंचीपायी. मुलगी हुशार, कमावती, दिसायला छान. पण येणारा मुलगा तिच्या खांद्याशी. दर रविवारी त्यांच्याकडे पोहे व्हायचे आणि दर आठवड्याला नकार यायचा. तिचे वडील, नाना, पार खचले होते. आणि कुसुम फोनवर तसंच गोड "नमस्कार" म्हणायची. मला फार वाईट वाटायचं हो तिचं.

*

क्लबात आम्ही चौघं. आम्ही दोघी, टूलरूममध्ये हत्यारं बनवणारे काळेसाहेब आणि लेथवरचा गायकवाड, जो चाकणजवळच्या खेड्यातून सायकलवर यायचा. वर्गणी काढून एक जुना कॅमेरा घेतला. पोटाशी धरून वरून डोकवायचा, तसला. ट्रायपॉड विकत घ्यायचा म्हटल्यावर काळेसाहेबांना अपमान वाटला. "टूलरूमचा माणूस तीन पाय विकत घेणार? भंगारातले पाइप आणा!"

पण उंची किती ठेवायची? काळेसाहेबांनी खिशातला टेप काढला, चौघांची जमिनीपासून हनुवटीपर्यंत मापं घेतली, बेरीज केली, चारानं भागलं आणि पाय त्या मापाला कापून वर पक्कं वेल्डिंग ठोकलं. पाय ना वर होणार, ना खाली.

कॅमेरा चढवला. मला वरची काच दिसेचना, मी कॅन्टीनच्या खोक्यावर चढले. कुसुमला इतकं वाकावं लागलं की तिची वेणी भिंगासमोर आली. खुद्द काळेसाहेबांची मान अवघडली. गायकवाड टाचा उंच करून म्हणाला, "साहेब, ह्यो कुणालाच बसंना की!"

काळेसाहेबांनी कागद पुन्हा तपासला. म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. तुम्हीच कमी-जास्त आहात!"

*

मग कंपनीनं ओळखपत्रं काढायची ठरवली आणि फोटोंचं काम क्लबाला दिलं. काळेसाहेब खूश! त्यांनी स्टूल ठेवलं, खडूनं खुणा केल्या, मधल्या उंचीच्या एका माणसाला बसवून कॅमेरा नीट लावला आणि जाहीर केलं, "सेटिंग लागलं. आता कुणी डोकवायचं नाही. माणूस बसवा, बटण दाबा, पुढचा!"

मी म्हटलं, "साहेब, माणसं एका मापाची नसतात."

"मालतीबाई, असं प्रत्येकाला वर-खाली करत बसलो तर दिवाळी उजाडेल."

फोटो धुऊन आले. उंच लोकांचे नाकापासून खाली, बुटक्यांचे नुसते केस! साहेबलोक चिडले, पण नवे फोटो येईपर्यंत तीच कार्डं चालवायची असं ठरलं. गेटवर आमचे हवालदार, पूर्वी फौजेत होते, नियमाला एकदम कडक. सकाळच्या शिफ्टला त्यांनी एकाला अडवलं, कार्ड पाहिलं आणि हुकूम सोडला, "टोपी काढ! मान खाली! कार्डावर भांग डावीकडं आहे, तुझा दाखव!"

*

एका सुट्टीला गायकवाडनं आम्हाला गावी नेलं. शिवारात कांदा जोरात आला होता. काळेसाहेबांना पातीच्या उंचीवरून फोटो हवा होता, म्हणजे कॅमेरा पार खाली. ट्रायपॉड तर खाली होईना. पाय कापू का, असं गायकवाडनं विचारलं, तर साहेब असे बघायला लागले की जणू त्यांचाच पाय मागितला. शेवटी तोडगा निघाला. तीन खड्डे खणायचे आणि पाय त्यात सोडायचे!

गायकवाड खणतोय, काळेसाहेब टेपनं खोली मोजताहेत, कुसुम टेपचं दुसरं टोक धरून उभी. आता त्या दिवसांत आपल्या भागात कुणी शेतात तिपाई लावून डोकावलं की जमीन कारखान्याला गेली असंच समजायचे लोक. हां हां म्हणता निम्मं गाव बांधावर! गायकवाडचे चुलते, तात्या, काठी आपटत पुढं आले.

"आरं, घरच्याच रानाची मोजणी करतूस व्हय? लाज हाय का न्हाई?"

"मोजणी न्हाई ओ तात्या. कांद्याचा फोटू काढतोय!"

तात्यांनी खड्ड्यांकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. "कांद्याचा फोटू? का रं, त्याची सोयरीक जमवायची हाय का?"

सगळा बांध हसला. कुसुमपण हसली. पण परतताना एस.टी.त खिडकीकडं तोंड करून बसली, ती पार चिंचवड येईपर्यंत.

*

त्याला कारणही होतं. मुलाकडं पाठवायचा कुसुमचा फोटो आमच्या क्लबानंच काढलेला. नानांची युक्ती अशी, की मुलीला खुर्चीत बसवायचं आणि वरून फोटो घ्यायचा. आमचा ट्रायपॉड त्या कामाला अगदी फर्मास! फोटोत कुसुम इतकी नाजूक दिसायची की स्थळांची रांग लागायची. पुढं ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली की पाहुण्यांच्या माना वर, वर, वर जायच्या आणि बोलणी तिथंच फिसकटायची.

एका मुलाच्या आईनं तर तोंडावरच विचारलं, "मुलगी पाटावर उभी आहे का?"

आणि आमचे नाना इतके भांबावले होते की त्यांनी खरंच वाकून खाली पाहिलं!

*

कांद्याच्या शेतावरून परतलो त्या रात्री म्हणे कुसुम जेवली नाही. पुढच्या रविवारी तिनं आम्हा तिघांना घरी बोलावलं आणि सांगितलं, "माझा नवा फोटो काढा. उभा. डोक्यापासून पायापर्यंत सगळा. तो बघून ज्याला यायचं असेल त्यानंच यावं. मला आता परत परत कुणाच्या माना मोजायच्या नाहीत."

नाना हादरले. काळेसाहेबांनी ट्रायपॉड लावला, वरून डोकावले आणि मान हलवली. "जमायचं नाही. उभ्या माणसाला कॅमेरा कमरेशी हवा. इतक्या वरून घेतला तर पाय आखूड येतात."

नानांचे डोळे चमकले. "मग येऊ देत की आखूड! साहेब, अजून वर घ्या ना!"

"आणि नाना," कुसुम म्हणाली, "पाहुणे आले की मी उरलेले पाय कुठं ठेवून येऊ?"

कुणीच हसलं नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं बाई!

काळेसाहेब उठले, सायकलवर टांग टाकून गेले आणि हॅकसॉ घेऊन परत आले. "कुसुमबाई, जरा याच्या शेजारी उभ्या राहा." तिच्या कमरेच्या रेषेत पाइपवर खडू ओढला, वर उरलं तेवढं माप खालून घेतलं आणि स्वतःच्या हातानं तिन्ही पाय कापले. ज्याच्या वेल्डिंगला आम्हाला बोट लावू देत नव्हते, तोच ट्रायपॉड! गायकवाड म्हणाला, "साहेब, द्या मी कापतो." तर नाही म्हणाले.

मला पहिल्यांदाच खोक्यावर न चढता काच दिसली, म्हणून बटण मी दाबलं. दारात कुसुम उभी, केस चौकटीला टेकायला आलेले, नजर सरळ. काय दिसत होती म्हणून सांगू! फोटो बघून नाना एवढंच म्हणाले, "संपलं." पाकीट कुसुमनं स्वतः पोस्टात टाकलं.

बरेच दिवस कुणाचं उत्तर नाही. मग एका रविवारी भोसरीच्या एका वर्कशॉपातला सुपरवायझर, दामले म्हणून, आईला घेऊन आला. आम्ही तिघं मदतीच्या नावाखाली स्वयंपाकघराच्या दारात उभे. चष्मा, नीट विंचरलेले केस, बोलायला बेताचा. आणि उंची? मला बघताक्षणी कळलं. काळेसाहेबांनी तर डोळेच मिटून घेतले.

कुसुम बाहेर आली. तसे दामले उठून उभे राहिले. तिच्या कानाशी आले, जेमतेम! नाना फरशीकडं बघायला लागले. दामल्यांच्या आईनं पदर नीट केला.

दामल्यांनी खिशातून तो फोटो काढला. एकदा फोटोकडं बघितलं, मग मान वर करून कुसुमकडं, पुन्हा फोटोकडं. चष्मा पुसला, परत घातला, कुसुमकडं बघून हसले. आणि अगदी तक्रार केल्यासारखं नानांना म्हणाले,

"यात उंची जरा कमीच आली आहे हो!"