भिजल्या चुन्याचा वास

त्या हॉटेलातल्या म्हाताऱ्या वेटरला सगळे नाकाजी म्हणत. बूच निघालं की दहा पावलांवरून तो सांगायचा, वाइन धड आहे की बिघडलेली. शिक्षण बेताचंच, पण नाक बापाकडून आलेलं. बापानं जन्मभर लोकांना चुना लावला, पण तो भिंतींना.

त्या दुपारी मालकीणबाई वाइनची यादी आणि पेन्सिल घेऊन बसल्या. "हा फियानो काढून टाकू या. एवढा दक्षिण इटलीतून आणला, पण कडवट लागतो म्हणतात. दुसऱ्यांदा कुणी मागत नाही."

"पियानो म्हणा, बाई!" आचारी आतून ओरडला. "जागा अडवतो आणि वाजवता कुणालाच येत नाही."

नाकाजी हसला नाही. त्या पांढऱ्या वाइनमध्ये त्याला एक वास सापडला होता, जो आता जगात दुसरीकडे उरला नव्हता. भिजल्या चुन्याचा, आणि त्यावर लिंबाच्या सालीचा. बाप शिडीवरून उतरायचा, हातांची आग शमावी म्हणून लिंबाची साल चोळायचा, आणि मग बापलेक ओल्या भिंतीला टेकून डबा उघडायचे. उकडलेला बटाटा, मीठ, तेल. बापाच्या बोटांचा वास घासाला लागायचा. ती यादीतली ओळ खोडली, की बाप दुसऱ्यांदा जाणार होता.

"बाई, पाव तास द्या मला."

त्यानं बाटली बर्फातून काढून टेबलावर ठेवली. "बर्फात वास गारठून बसतो. चूक आपली आहे, तिची नाही." मग आत वळून म्हणाला, "उकडलेला एक बटाटा काढ. मीठ, तेल, वरून लिंबाची साल किस. आणखी काही घातलंस तर गाठ माझ्याशी आहे."

"वाइनबरोबर बटाटा? हसं होईल आपलं!"

"होऊ दे. तू किस."

बाईंनी घास घेतला, वर घोट घेतला. पुन्हा घास. कपाळावरची आठी हळूहळू विरली.

"कडवटपणा कुठे गेला, नाकाजी?"

"बटाट्यानं गिळला."

आचाऱ्यानंही येऊन चाखलं आणि उरलेला बटाटा स्वतःकडे ओढला.

"राहू दे हा," बाई म्हणाल्या. "पण शेजारी या पदार्थाचं नाव काय लिहू?"

नाकाजीनं पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. कुठेतरी शिडी कुरकुरली.

"दुपारचा डबा, असं लिहा."