राऊटरवरची लाल चिठ्ठी

माही सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये बिजलीच्या दुरुस्तीत गेली. तिथला एक नियम मी घरीही आणला. मशीनवर काम करायच्या आधी तिचा स्विच बंद करायचा अन् त्यावर लाल टॅग लटकवायचा: ‘आदमी काम पर है’. खाली नाव, सही, अन् कधीपर्यंत त्याची तारीख. ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. तारीख न लिहिलेला टॅग दिसला की लावणाऱ्याले मी सगळ्यांसमोर झापत असे. घरी गिझर, मिक्सर, पाण्याची मोटर, जे बिघडलं त्याले माहा टॅग लागे. बायको म्हणे, “एक दिवस माह्या कपाळावर लावसान.”

राऊटरवरही एक होता. प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दहाच्या क्वार्टरात असताना डिपार्टमेंटमधल्या मित्रानं सांगितलं म्हणून मी राऊटरच्या सेटिंगमध्ये एक नंबर भरला. नेट पळायले लागलं, अन् मी खुशीत वरून लाल पुठ्ठा चिकटवला: ‘सेटिंगले हात लावू नये’. पुढं रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, त्याच शहरात सुपेल्याजवळ घर बांधलं. राऊटर पुठ्ठ्यासकट इकडं आला. नंबराचं मी साफ विसरून गेलो.

मागच्या हिवाळ्यात पोरगी पुण्याहून आली. ती विम्याचे दावे तपासते. बारावीनंतर दिवाळीच्या चार दिवसांपलीकडं ती घरी राहिलीच नव्हती, अन् या वेळी ऑफिसनं तिले घरून काम करायची परवानगी दिली होती. बायकोनं तर तिच्यासाठी स्वेटर विणायले घेतला. पण नेट! कोणतंही नवीन पान उघडायले गेलं की ते गोल गोल फिरत बसे. एकदा उघडलं की मग मस्त चाले. तिले दिवसभर नुसती पानंच उघडा लागत. बुधवारी तिच्या मॅडमनं सांगितलं, शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर सोमवारी पुण्यात हजर व्हा. पोरीनं पलंगाखालून बॅग काढली. ‘जाऊ नको’ म्हणावं वाटलं. तसं बोलता येत नाही, म्हणून मी नेटच्या कंपनीवर भडकलो.

गुरुवारी कंपनीचा मिस्त्री आला. चांगला वयस्क माणूस. त्यानं सगळं तपासलं अन् म्हणाला, “भाईसाब, लाइन एकदम ओके है. स्पीड भी पूरी है. एक बार सेटिंग देख लूँ?”

“पढ़ना नहीं आता क्या? लाल चिट्ठी नहीं दिखती? हाथ मत लगाना!”

बिचारा चहा पिऊन निघून गेला. मग मी वायर बदलली. राऊटर बैठकीतून खिडकीत नेला, खिडकीतून कपाटावर. बायको पाहून राहिली होती. म्हणाली, “आता त्याले गच्चीवर वाळत घाला.”

शुक्रवारी सकाळी जरा डोकं थंड झालं. प्लांटमध्ये जसा विचार करत होतो तसा केला. लाइन चांगली, स्पीड चांगली, उघडलेलं पान पळते. म्हणजे बिघाड सुरुवातीलेच आहे. पोरीले विचारलं, “पान उघडायच्या आधी काय होते?”

तिनं मोबाईलवर शोधून वाचलं. आपुन साइटचं नाव टाकतो, पण मशीनले फक्त नंबर समजते. म्हणून आधी कोणालेतरी विचारा लागते, या नावाचा नंबर काय? अन् कोणाले विचारायचं ते राऊटरच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असते.

“म्हणजे फोन लावायच्या आधी डायरेक्टरी पाहणं!”

“हो बाबा. अन् डायरेक्टरीवालाच उत्तर देत नसला तर?”

आम्ही पाहून घेतलं. एका साइटचा नंबर टाकला, पान झट्‌दिशी उघडलं. दुसरीचं नाव टाकलं तर दोघं सहापर्यंत मोजत बसलो. “सेटिंग पाहा लागते,” ती म्हणाली, अन् पुठ्ठ्याकडं पाहत तशीच बसून राहिली.

“कावून थांबली?”

“टॅग तुमचा आहे, बाबा.”

सोमवारी पोरगी चालली होती, तरी बापाचा नियम तिनं मोडला नव्हता. मी नखानं पुठ्ठा सोलून काढला. सेटिंग उघडली. तिथं दोन नंबर होते. दुसरा ठीक होता, अन् पहिला माहा, मित्रानं दिलेला. पोरीनं शोधलं, तर नंबर सांगायची ती सेवा कधीचीच बंद झाली होती. राऊटर दरवेळी आधी त्या कुलूप लागलेल्या घराचं दार ठोके, वाट पाहे, अन् मग दुसरीकडं जाये.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. “मग आता कोणाले शिव्या देता?”

“मलेच,” मी म्हणालो.

माहा नंबर खोडला. पोरीनं लागोपाठ दहा-बारा पानं उघडली, एकही अडलं नाही. मी त्या मिस्त्रीले फोन लावून माफी मागितली. तो हसला, म्हणाला, “कोई बात नहीं भाईसाब, चाय अच्छी थी.”

पोरगी आतल्या खोलीत जाऊन मॅडमशी बोलली. बाहेर आली अन् मले म्हणाली, “बाबा, लाल पुठ्ठा उरला आहे का?”

मी कापून दिला. तिनं काहीतरी लिहिलं, दोरा ओवला, खोलीच्या कडीले लटकवला अन् दार लावून कामाले बसली. थोड्या वेळानं मी चहा घेऊन गेलो तर चष्मा लावून वाचलं. ‘आदमी काम पर है’ मधला ‘आदमी’ खोडून वर ‘पोरगी’ लिहिलं होतं. खाली नाव होतं, सही होती. तारखेची जागा कोरी होती.

बायकोनं हळूच विचारलं, “किती दिवस म्हणते?”

“चूप. टॅग तिचा आहे,” मी म्हणालो, अन् जन्मात पहिल्यांदा तारीख नसलेल्या टॅगवर कोणाले झापलं नाही.